काळे रंगवायचे, निळे निघायचे

'मातीवरची चित्रे' : भाग चौथा

गेल्या आठवड्यात आपण इटलीतल्या फाएन्झापर्यंत आलो. कथिलाच्या ऑक्साइडने पांढरी केलेली झिलई नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी वापरात आणली, मग ती अरबांच्या स्पेनमध्ये पोचली आणि स्पेनमधून इटलीत. या साऱ्या खटाटोपामागे एकच ध्यास होता. चिनी पोर्सेलिनसारखे शुभ्र भांडे आपल्याकडच्या पिवळ्या-तांबड्या मातीतून कसे काढायचे? या ध्यासाने नेदरलँड्समधले एक अख्खे शहर कामाला लावले. त्या डेल्फ्टमध्ये आज जायचे आहे.

हेगहून रेल्वेने डेल्फ्टला पोचायला पाव तास पुरतो. स्टेशनवरून कालव्यांच्या कडेने चालत निघालो की जुन्या गावाच्या दक्षिणेला, रॉटर्डॅमच्या रस्त्यावर, लाल विटांची एक लांबरुंद इमारत दिसते. हा 'रॉयल डेल्फ्ट'चा कारखाना. त्याचे मूळ नाव 'द पोर्सेलैने फ्लेस', म्हणजे पोर्सेलिनची बाटली. स्थापना १६५३ची. सतराव्या शतकात डेल्फ्टमध्ये अशा तिसाहून अधिक कार्यशाळा होत्या. त्यांतली आजवर टिकलेली ही एकटीच. संग्रहालय आणि चालू कारखाना एकाच छताखाली आहेत, त्यामुळे जुन्या ताटांची कपाटे पाहत पाहत आपण थेट भट्ट्यांपाशी जाऊन पोचतो.

पण मुळात डेल्फ्टच का? इथे काही उत्तम माती मिळत नव्हती. उत्तर समुद्रात आहे. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिची सहा शहरांत सहा मंडळे होती आणि त्यांतले एक डेल्फ्टचे. (आपल्या वेंगुर्ल्याला वलंदेजांची जी वखार होती, ती याच कंपनीची. तिथल्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत.) १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यात चिनी पोर्सेलिन खच्चून भरलेले होते. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला त्या मालाचा लिलाव झाला आणि युरोपातल्या राजघराण्यांनीही त्यात खरेदी केली. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वेड तिथून पसरले. कंपनीची जहाजे पुढे लाखो नग आणत राहिली. मग १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग घराण्याची सत्ता कोसळली, यादवी माजली आणि माल येईनासा झाला. गिऱ्हाईक तयार होते, दुकाने रिकामी होती.

नेमक्या त्याच काळात डेल्फ्टचा बिअरचा धंदा बसत चालला होता. मोठमोठ्या बिअर-भट्ट्यांच्या इमारती ओस पडू लागल्या होत्या. कालव्याच्या काठावर, पाण्याची आणि बोटींची सोय असलेल्या या जागा कुंभारांनी घेतल्या आणि काही ठिकाणी जुन्या भट्टीचे नावही तसेच चालू ठेवले. डेल्फ्टचा कुंभारधंदा वाढला तो या दोन घटना एकाच वेळी घडल्या म्हणून, चीनमध्ये सत्तांतर आणि गावात बुडत चाललेली बिअर. चित्रकार योहानस व्हर्मिअर याच गावचा, आणि तो चित्रकारांच्या संघात दाखल झाला तेही १६५३ सालीच. संत लूकच्या त्या संघात कुंभारही होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले त्याचे दूध ओतणाऱ्या बाईचे चित्र पाहाल तेव्हा खाली भिंतीच्या तळाशी नजर टाका. तिथे ओळीने बसवलेल्या निळ्या चित्रांच्या टाइल्स दिसतील. राजवाड्याप्रमाणे साध्या घराच्या स्वयंपाकघरातही ही कला कशी मुरली होती, ते त्या ओळीवरून कळते.

खरे पोर्सेलिन बनवायला केओलिन नावाची पांढरी माती लागते आणि ती फार मोठ्या आचेवर भाजावी लागते. युरोपला हे रहस्य अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ठाऊक नव्हते. ते जर्मनीत कसे उलगडले, ते पुढच्या आठवड्यात. डेल्फ्टच्या कुंभाराकडे होती साधी माती. तिच्यात तो बेल्जियममधल्या तूर्नेहून आणलेली चुनखडीची माती मिसळी. त्यामुळे झिलई भांड्याला घट्ट धरून राही. घडवलेले भांडे एकदा भाजले की 'बिस्किट' तयार. ते कथील आणि शिशाच्या पांढऱ्या झिलईत बुडवले की सच्छिद्र माती पाणी शोषून घेई आणि वर पिठासारखा कोरडा थर उरे. चित्र काढायचे ते या थरावर. कुंचला टेकला रे टेकला की रंग आत शिरला. पुसणे नाही, दुरुस्ती नाही. चित्र झाले की त्यावर पारदर्शक शिसे-झिलईचा हात द्यायचा, त्यामुळे चकाकी येई आणि रंगाला खोली येई. मग दुसरी भाजणी. चिनी भांड्याशी शेजार लावला तरी लांबून फरक कळू नये, इतके हे काम उतरले.

जवळून मात्र कळतो. संग्रहालयातल्या जुन्या ताटांच्या कडा निरखून पाहाव्यात. जिथे टवका उडाला आहे तिथे पांढऱ्या झिलईखालची पिवळसर माती उघडी पडलेली दिसते. ताट मागून दाखवायला ठेवलेले असेल तर काठाशी तीन बारीक खुणा सापडतात. भट्टीत ताटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती मातीच्या पेटीत खुंट्यांवर टेकवून ठेवत, त्या खुंट्यांचे हे व्रण. मला या खुणा पुढच्या बाजूच्या चित्राइतक्याच मोलाच्या वाटतात. भांडे कसे बनले याची साक्ष त्यांच्याकडे आहे.

याच दालनांच्या ओघात फुलांच्या उंच मनोऱ्यांची गोष्ट येते. एकावर एक मजले, प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्यांना तोट्या, एकेका तोटीत एकेक फूल. इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिला या वस्तूंचा फार शौक होता आणि तिच्यासाठी 'द ग्रीक्स आ' या डेल्फ्टच्या दुसऱ्या कार्यशाळेने केलेले काम आजही लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहे. लोक यांना सर्रास 'ट्युलिप-पात्रे' म्हणतात आणि ट्युलिपच्या सट्ट्याशी जोडून मोकळे होतात. तो सट्टा कोसळला १६३७ मध्ये, आणि हे मनोरे त्यानंतर अर्ध्या शतकाने आले. त्यांत बागेतली सगळीच फुले लावत असत.

अठराव्या शतकात इंग्लंडची स्वस्त, हलकी, टवके न उडणारी भांडी बाजारात आली आणि डेल्फ्टच्या कार्यशाळा एकामागून एक बंद पडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला 'पोर्सेलैने फ्लेस' तेवढी उरली होती आणि तिथेही हाताने रंगवण्याचे काम मागे पडले होते. १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट या अभियंत्याने ती विकत घेतली. आज दिसते ते बरेचसे त्याचे कर्तृत्व. त्याने आडोल्फ ल कॉम्ट या कलाकाराला हाताशी धरले, रंगवण्याचे काम नव्याने उभे केले. आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट केली, ती म्हणजे जुनी कृतीच टाकून दिली. ठिसूळ पिवळ्या मातीऐवजी इंग्रजी पद्धतीचे कठीण पांढरे मिश्रण घेतले. माती मुळातच पांढरी झाल्यावर कथिलाच्या झिलईची गरज राहिली नाही. आता चित्र थेट बिस्किटावर काढायचे आणि वरून पारदर्शक झिलई चढवायची.

यावरून जाणकारांत वाद होतो. कथिलाची झिलई नाही तर ते डेल्फ्ट कसले, असे काही जण म्हणतात. जुन्या झिलईत जो दुधाळ मऊपणा आहे तो नव्यात नाही, हे खरेच आहे. तरीही थोफ्टने केले ते योग्यच केले, असे माझे ठाम मत आहे. रंगवणाऱ्यांच्या टेबलापाशी उभे राहिले की त्याचे कारण समजते.

तिथे एक बाई बिस्किटाचे ताट डाव्या हाताने पेलून बसल्या होत्या. शेजारी भोके पाडलेला कागद होता. रांगोळीचे ठिपके काढायला आपल्याकडे भोकांचा कागद वापरतात ना, तसाच. तो ताटावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्याठिपक्यांनी चित्राचा सांगाडा उमटतो. सतराव्या शतकातही हेच करत. ही कोळशाची पूड भट्टीत जळून जाते, मागे काही राहत नाही. त्यानंतर लांब, बारीक केसांचा कुंचला येतो. त्याने आधी बाह्यरेषा ओढायची. डच भाषेत तिला 'ट्रेक' म्हणतात. बिस्किट रंग ताबडतोब शोषते, म्हणून हात थांबला की तिथे डाग पडतो. रेघ एका दमात, सारख्या वेगाने जायला हवी. बाईंच्या मनगटाखाली ताट सावकाश फिरत होते आणि वेलीची एक लांब वळणदार फांदी कुठेही न तुटता पुढे सरकत होती. शेवटी ती निमुळती होत गेली, तेव्हा कुंचला कधी उचलला हे मला दिसलेही नाही.

रंग कोणता? काळा. कोबाल्टचे ऑक्साइड मुळात काळे असते. झिलईच्या वितळत्या काचेत ते विरघळले की निळे होते. एकाच रंगात पाणी कमी-जास्त घालून गडद-फिक्या सगळ्या छटा काढायच्या. पण ओल्या काळ्या-करड्यातून कोणता निळा निघेल हे रंगवणाराला डोळ्यांनी दिसत नाही, ते आधीच ठाऊक असावे लागते. वर झिलई चढवली की भांडे पांढरेफटक होते आणि सगळे चित्र दिसेनासे होते. अकराशे अंशांहून अधिक तापमानाला दुसरी भाजणी होते, तेव्हा कुठे झिलईची काच होऊन निळे चित्र वर येते. हा हात तयार व्हायला वर्षे जातात, आणि पुस्तक वाचून तो येत नाही. तो जुन्या माणसाकडून नव्या माणसाकडे टेबलाला टेबल लावूनच जातो. थोफ्टने माती बदलली आणि हा हात वाचवला. जुन्या कृतीचा हट्ट धरला असता तर कारखाना गेला असता, आणि त्याबरोबर हातही.

बाकीची दालने भराभर पाहिली तरी चालतील. डच राजघराण्याच्या स्मरणताटांचा संग्रह मोठा आहे, पण तो त्यांच्या घरच्यांना जास्त जवळचा. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ची मूळ आकारातली प्रतिकृती मात्र चुकवू नका. ४८० टाइल्सवर निळ्यात रंगवलेली. एवढ्या अंधाऱ्या चित्रातला उजेड एकाच रंगाच्या छटांनी कसा पकडला असेल, हे टेबलापाशी उभे राहून आल्यावर जास्त कळते. म्हणून आधी रंगवणाऱ्यांकडे जा, मग तिकडे.

बाहेर पडताना दुकान लागते, आणि डेल्फ्टच्या बाजारचौकात तर निळ्या-पांढऱ्या वस्तूंचे ढीगच असतात. त्यांतला बराचसा माल छापील असतो. चित्राचा कागद चिकटवून भाजलेला. खुद्द या कारखान्याच्या दुकानातही छापील वस्तू वेगळ्या आणि हाताच्या वेगळ्या मिळतात. ओळखायचे कसे? वस्तू पालथी करा. या कारखान्याच्या हातकामाखाली बाटलीचे चिन्ह, थोफ्टची आद्याक्षरे, 'डेल्फ्ट' हा शब्द, रंगवणाराची आद्याक्षरे आणि वर्ष सांगणारे अक्षर असते. वर्षाची ही अक्षरे १८७९ पासून चालू आहेत. मग पुढची बाजू पाहा. हाताच्या कामात एकाच पाकळीत निळा गडद होत फिका होत जातो, आणि दोन सारखी फुले कधीच तंतोतंत सारखी नसतात. खर्च बेताचा ठेवायचा असेल तर मोठी छापील फुलदाणी घेऊ नका, तेवढ्याच पैशांत हाताने रंगवलेली एक लहान टाइल घ्या. त्या पैशातला वाटा टेबलाशी बसलेल्या माणसापर्यंत पोचेल.