चष्म्याचे मोजमाप

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. या कारखान्यात तयार होणारे रूळ देशभर अंथरले जातात. रुंदमापी मार्गावर दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर ठेवावे लागते. पोलाद कितीही उत्तम असो, हे अंतर चुकले तर गाडी सुरक्षित धावणार नाही. चष्म्याच्या दोन भिंगांची गोष्टही अशीच आहे. नंबर अचूक असला, तरी भिंगे योग्य जागी बसली नाहीत तर चष्मा डोळ्यांस त्रासदायकच ठरतो.

प्रत्येक भिंगास एक प्रकाशकेंद्र असते. त्यातून जाणारा किरण न वळता सरळ जातो. केंद्रापासून दूर गेलेला किरण मात्र लोलकातून गेल्याप्रमाणे वळतो. म्हणून भिंगाचे केंद्र डोळ्याच्या बाहुलीसमोर यावे लागते. यासाठी प्रथम दोन बाहुल्यांमधील अंतर मोजतात. प्रौढ माणसात ते बहुधा ६० ते ६५ मिलिमीटरच्या आसपास असते. मोजणारा समोर, त्याच उंचीवर बसतो, नाकावर पट्टी टेकवितो आणि आपला एकेक डोळा आळीपाळीने मिटून दोन्ही बाहुल्यांची जागा वाचतो. चेहऱ्याच्या दोन बाजू सहसा तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून नाकाच्या मध्यापासून उजवे व डावे अंतर वेगवेगळे घेणे अधिक चांगले.

आता चौकटीचे माप पाहू. चष्म्याच्या काडीच्या आतील बाजूस पुष्कळदा ५२, १८, १४० असे आकडे छापलेले असतात. ५२ ही भिंगाची रुंदी, १८ हे दोन भिंगांमधील अंतर आणि १४० ही काडीची लांबी. सर्व मापे मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोहोंची बेरीज ७० होते. हे चौकटीच्या दोन मध्यबिंदूंमधील अंतर होय. बाहुल्यांमधील अंतर ६२ असेल, तर ८ मिलिमीटरचा फरक उरतो. तेव्हा दोन्ही भिंगांची केंद्रे मिळून ८ मिलिमीटर नाकाकडे सरकविली पाहिजेत.

ती न सरकविल्यास काय होईल? चार्ल्स प्रेंटिस या अमेरिकन चष्मेतज्ज्ञाने १८९० मध्ये यासाठी एक सोपा नियम मांडला. केंद्र जितके सेंटिमीटर सरकले असेल त्यास भिंगाच्या नंबराने गुणावे. एक मीटर अंतरावर प्रतिमा तितके सेंटिमीटर सरकलेली भासते. नंबर उणे ६ असल्यास ०.८ गुणिले ६, म्हणजे दोन्ही डोळ्यांची मिळून ४.८ सेंटिमीटरची फारकत पडते. एकच वस्तू पाहण्यासाठी मग डोळ्यांना कानांच्या दिशेने फाकावे लागते, आणि डोळ्यांची ती शक्ती फारच अल्प असते. डोके दुखते, अक्षरे दुहेरी दिसू लागतात. शाळकरी मुलाचा अभ्यास त्यामुळे मागे पडेल. परंतु उंचावर बसून क्रेन चालविणाऱ्या कामगाराचा अंतराचा अंदाज चुकला, तर खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या जिवावरही बेतू शकेल.

भिंग डोळ्यापासून किती दूर आहे, हेही महत्त्वाचे असते. हे अंतर सामान्यतः १२ ते १४ मिलिमीटर असते. उणे १० नंबराचे भिंग ठरलेल्या जागेपेक्षा ५ मिलिमीटर पुढे राहिले, तर डोळ्यास ते सुमारे उणे ९.५ इतकेच काम देते. लहान नंबरात हा फरक जाणवत नाही. मोठ्या नंबरात मात्र नाकावरून घसरणारी चौकट म्हणजे बदललेला नंबरच. दूरचे व जवळचे दोन्ही दाखविणाऱ्या भिंगांत तर बाहुलीची उंचीही चौकट डोळ्यांवर चढवूनच मोजावी लागते.

म्हणून आधी चौकट निवडावी, ती नीट बसवून घ्यावी आणि मग मापे द्यावीत. मुलांचा चेहरा वाढत असतो. त्यांचे माप प्रत्येक नव्या चष्म्याच्या वेळी पुन्हा घ्यावे. नवा चष्मा काही दिवसांनीही सुसह्य होत नसेल, तर केवळ नंबरास दोष देऊ नये. भिंगांची केंद्रे बाहुल्यांसमोर आहेत की नाहीत, हे यंत्रावर तपासून मागावे. चष्म्याचे निम्मे काम नंबर करतो. उरलेले निम्मे पट्टीवरील मिलिमीटर करतात.