तीन अक्षरांचा रुपया

डॉलर म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण डॉलर सिंगापूरचाही आहे आणि ऑस्ट्रेलियाचाही! म्हणून परकीय चलनाच्या व्यवहारात नावापेक्षा तीन अक्षरे महत्त्वाची. आयएसओ ४२१७ ही यादी १९७८ सालची. पहिली दोन अक्षरे देशाची, तिसरे बहुधा चलनाचे. आपला रुपया ‘आयएनआर’. स्वित्झर्लंड मात्र आपल्या लॅटिन नावाने ‘सीएचएफ’ झाला. हौस एकेकाची!

खरी मेख दशांशाची. याच यादीत येनला दशांश नाही, तर कुवेती दिनाराला तीन स्थळे, कारण हजार फिल्सचा एक दिनार. कुवेतहून मुलाने धाडलेले ‘१००.५००’ म्हणजे शंभर दिनार, पाचशे फिल्स. तो ठिपका कुणी स्वल्पविराम समजला, तर एक लाख पाचशे! जुने कारकून म्हणूनच रक्कम अक्षरांतही लिहून घेत.