भाऊ, बराबर लावा ना! सवलतीच्या 7 चटपटीत गोष्टी

सकाळचे अकरा. नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर दुकानं नुकतीच उघडलीत. ओढणी बोटांत चाचपत एक ताई म्हणते, "भाऊ, बराबर लावा ना!" दुकानदार दोन क्षण थांबतो. "चला ताई, बोहनीचा टाइम आहे, वीस कमी द्या." सौदा पटतो, दोघंही खूश. पण त्या विसाच्या बदल्यात दुकानदारालाही काहीतरी मिळालंच की! प्रत्येक सवलतीमागे अशी देवाणघेवाण असते. ती ओळखता आली की खरेदीची मजा वाढते आणि पैसाही वाचतो.

1. बोहनी आणि उठता बाजार
दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये, म्हणून सकाळी भाव उतरतो. रात्री बाजार उठताना कोथिंबिरीची जुडी अर्ध्या भावात मिळते, कारण ती उद्या सुकणार. सकाळी विक्रेता शुभ सुरुवात विकत घेतो, तर रात्री नुकसान टाळतो.

2. चेक वटतो, तोच वटाव
रोखीनं पैसे चुकवणाऱ्याला व्यापारी जी सूट देतो, तिचं जुनं मराठी नाव 'वटाव'. 'चेक वटला' मधलं वटणं त्याच कुळातलं. व्यापारात एक अट जगभर चालते: 10 दिवसांत पैसे द्या, 2 टक्के कमी द्या, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. सूट सोडली, तर 20 दिवसांच्या उधारीसाठी वर्षाला सुमारे 37 टक्के दरानं व्याज भरल्यासारखं होतं!

3. नावाला बट्टा
पूर्वी एकाच बाजारात नागपुरी, चांदवडी, अंकुशी असे वेगवेगळे रुपये फिरत. सराफ नाणं पारखायचा आणि चांदी कमी किंवा शिक्का परका असला की किंमत कापायचा. ही कपात म्हणजे बट्टा. कंपनी सरकारनं 1835 साली आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला आणि हळूहळू सराफाचा बट्टा मागे पडला. भाषेत मात्र तो टिकला: नाव खराब झालं की आजही त्याला 'बट्टा लागतो'.

4. जिथे सूट हेच व्याज
सरकार 91, 182 आणि 364 दिवसांसाठी ट्रेझरी बिलांवर पैसे उचलतं. त्यांवर वेगळं व्याज मिळत नाही. समजा, 10,000 रुपयांचं 91 दिवसांचं बिल तुम्ही 9,850 रुपयांना घेतलं. मुदत संपली की हातात पूर्ण 10,000. मधले 150 रुपये ही तुमच्या थांबण्याची किंमत. ही बिलं रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' सुविधेतून सामान्य माणसालाही घरबसल्या घेता येतात.

5. 50 अधिक 20 म्हणजे 60
'50 टक्के सूट, वर आणखी 20 टक्के' ही पाटी वाचून मन 70 म्हणतं. हिशेब करा: 1,000 चे 500 झाले, त्या 500 वर 20 टक्के म्हणजे 100 गेले, उरले 400. सूट 60 टक्केच. 'दोनवर एक फ्री' म्हणजे साधारण 33 टक्के, तेही तिन्ही वस्तू लागणार असतील तरच. आणि एमआरपी ही कमाल किंमत आहे. तिच्याखाली भाव मागणं हा तुमचा हक्क!

6. बिलावरची छोटी तारीख
महावितरणचं वीज बिल आलं की आधी लवकर भरण्याची तारीख शोधा. तोवर भरलं, तर साधारण 1 टक्का सूट मिळते. छापील बिल नको, ई-मेलवर पाठवा, असं कळवलं तर त्याचीही वेगळी सवलत आहे. कंपनीला पैसा लवकर मिळतो आणि कागद वाचतो.

7. शून्य रुपयांचं तिकीट
17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मंच. त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, 75 पार केलेल्यांचा प्रवास मोफत झाला. फरकाची रक्कम राज्य सरकार एसटीला देतं. गणेशपेठच्या स्टँडवरून काटोलला लेकीकडे निघालेल्या आजीला कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ती ते घडी घालून बटव्यात जपून ठेवते. बाकीच्या सवलती काही ना काही मागतात. ही फक्त वयाचा दाखला मागते आणि आजीला लेकीच्या दारापर्यंत पोचवते.