हळद आणि मधुमेहाचा मोतीबिंदू
अंड्यातला पारदर्शक, पाणीदार भाग उकडला की पांढराफटक होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. डोळ्यातील भिंगातही प्रथिनेच असतात. ती बिघडून एकमेकांना चिकटली की मोतीबिंदू होतो. भिंगात ग्लुकोज शिरायला इन्सुलिन लागत नाही. त्यामुळे मधुमेहात रक्तातली साखर वाढली की भिंगातलीही वाढते, तेथे ऑक्सिडीकरणाचा जोर होतो आणि प्रथिने लवकर बिघडतात.

ऑक्सिडीकरणाला आळा घालणारे पदार्थ वनस्पतींत पुष्कळ. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन त्यांपैकीच एक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते मधुमेही उंदरांना खाद्यातून दिले. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मोठा गमतीचा आहे : रक्तातली साखर उतरली नाही, पण मोतीबिंदूची वाढ मंदावली! नुसत्या कर्क्युमिनपेक्षा हळद सरस ठरली.

मग हळद भरपूर खावी काय? थांबा. २००३ साली याच संस्थेने गॅलॅक्टोज ही साखर देऊन उंदरांत मोतीबिंदू घडवला होता. खाद्यात ०.००२ टक्के कर्क्युमिन असता तो लांबला, ०.०१ टक्के दिल्यावर मात्र उलट लवकर पिकला. आजोबांची इन्सुलिनची सुई थांबवून त्यांना हळदीचे दूध देण्याइतका पुरावा आज कोणाकडेच नाही.