पेनड्राइव्हवर दुकान चालवू नका! एसएसडी घेताना काय बघायचं?

दुकान टाकलं तेव्हा मीही काटकसर केली होती. जुना कॉम्प्युटर होता, हार्ड डिस्क मेलेली. मग काय, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स टाकलं आणि त्यावरच बिलिंग सुरू केलं. पाच महिने मस्त चाललं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी काउंटरवर गर्दी असताना स्क्रीन जागच्या जागी थांबली, आणि तो पेनड्राइव्ह परत कुठल्याच मशीनवर दिसला नाही. सगळी उधारी त्यात होती. काही गिऱ्हाइकांनी स्वतःहून आकडा सांगितला. काहींनी नाही सांगितला.

चूक माझीच. पेनड्राइव्ह हा फाइल इकडून तिकडे न्यायला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र तुम्ही काही करत नसलात तरी सतत बारीकसारीक लिहीत असते. एसएसडीचा कंट्रोलर हे लिखाण सगळ्या चिपवर वाटून देतो, साध्या पेनड्राइव्हला ते नीट जमत नाही.

आता एसएसडीच्या माहितीत 'टीबीडब्ल्यू' हा आकडा शोधा. वॉरंटीच्या हिशेबाने किती टेराबाइट लिहिता येईल, ते तो सांगतो. सॅमसंगच्या १ टीबी ८७० इव्होला तो ६०० आहे, तेवढ्याच ८७० क्यूव्होला ३६०. कारण इव्होत एका सेलमध्ये तीन बिट बसवतात (टीएलसी), क्यूव्होत चार (क्यूएलसी). पण घाबरू नका. दिवसाला २० जीबी लिहिलं तरी ३६० टीबी संपायला ४९ वर्षं लागतील! मी टीएलसीच घेतो, कारण भरपूर डेटा एकदम लिहिताना क्यूएलसी फार मंदावते.

खरा धोका वेगळाच आहे: ढिली केबल, अचानक गेलेली लाइट आणि उष्णता. म्हणून मी साधी २.५ इंची साटा एसएसडी आणि यूएएसपी चालणारं मेटलचं एन्क्लोजर वेगवेगळं घेतो. एन्क्लोजर बिघडलं तर तेवढंच बदलायचं, एसएसडी काढून थेट कॉम्प्युटरलाही जोडता येते. केबल आखूड घ्या आणि डेस्कटॉपच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टला लावा. यूएसबी २ ला लावलीत तर सेकंदाला ६० एमबीसुद्धा मिळणार नाही, मग एसएसडीचे पैसे कशाला घातले? डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

विंडोजवाल्यांनो, एक लक्षात घ्या. यूएसबीवरून विंडोज चालवायची 'विंडोज टू गो' ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढून टाकली. जुगाड करून चालतं, पण बिलिंगसाठी मी तरी करणार नाही. तुमचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर तीच एसएसडी कॉम्प्युटरच्या आत बसवून घ्या. लिनक्स यूएसबीवरून नीट चालतं.

आणि हजार रुपयांत २ टीबी दिसलं तर पुढे चला. आत बहुतेक छोटं मेमरी कार्ड निघतं. ड्राइव्ह कुठलाही असो, नवा आणला की पूर्ण भरून तपासा, मगच सिस्टिम टाका.

आता माझ्याकडे रोज रात्री शटर ओढायच्या आधी उधारीची फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी होते. तो ड्राइव्ह खिशात टाकून मी घरी नेतो.