महिनाअखेरचे ताट

महिन्याची बावीस-तेवीस तारीख उलटली की बहुतेक मध्यमवर्गीय आणि कष्टकरी घरांत स्वयंपाकघराचा रंग बदलतो. वरण पातळ होते, भाजीत रस्सा वाढतो, दूध फक्त चहापुरते येते. "पगार झाला की आणू," असे म्हणून डब्याची झाकणे बंद होतात. ही गोष्ट आपण पैशाची म्हणून पाहतो. पण दवाखान्यात बसणाऱ्याला ती आरोग्याचीही दिसते.

काही महिन्यांपूर्वी छत्तीस-सदतीस वर्षांच्या एक ताई तपासणीसाठी आल्या. जिना चढताना दम लागतो, दुपारी डोके दुखते, पायांत गोळे येतात, अशी तक्रार होती. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.९ निघाले. स्त्रियांमध्ये ते किमान १२ असावे लागते.

"ताई, आज दुपारी काय जेवलात?"

"सकाळची भाकरी होती, चहाबरोबर खाल्ली."

"आणि वरण, भाजी?"

"महिनाअखेर आहे ना, डॉक्टर. सासूबाईंना, ह्यांना आणि मुलाला पुरेल एवढीच डाळ टाकते."

घरात चार माणसे. वरण तिघांचे आणि चौथे ताट चहा-भाकरीचे. यात कोणी कोणावर अन्याय करीत होते असे नाही. घरात कोणाच्या हे लक्षातही आले नव्हते. आपल्याकडे काटकसरीची सुरुवात गृहिणी स्वतःच्या ताटापासून करते आणि त्याबद्दल कुठे बोलत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणे अनेक आहेत, पण हे चौथे ताट त्यांतले एक नक्कीच आहे.

लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या वेळी येताना वाण्याची यादी आणायला सांगितले. ताईंना नवल वाटले, पण यादी आणली.

यादी काय सांगते?

चार मोठ्या माणसांच्या त्या घरात महिन्याला गोडेतेल पाच लिटर, साखर सहा किलो, मीठ एक किलो येत होते. शिवाय फरसाण, शेव आणि बिस्किटांचे पुडे. सगळ्या डाळी आणि कडधान्ये मिळून मात्र जेमतेम अडीच किलो. शेंगदाणे पाव किलो, तेही उपवासापुरते. बिल काही लहान नव्हते. पैसा खर्च होत होता, पण अंगी लागेल अशा ठिकाणी तो कमी पडत होता.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. तेल माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरेसे असते. चार माणसांचे महिन्याचे गणित केले तर एक लिटरच्या तीन पिशव्या होतात. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठही त्यातच धरायचे. साखर आणि गूळ मिळून माणशी २५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे जास्तीत जास्त तीन किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० उष्मांकांच्या आहारात डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम असावीत. मांसाहारी घरात अंडी, मासे, मटण त्यातच मोजायचे. चौघांना महिन्याला हे दहा किलोच्या आसपास जाते.

दहा किलोचा आकडा ऐकून घाबरू नये. एकदम तेवढे जमले नाही तरी अडीचवरून पाच-सहा किलोवर येणे पुष्कळ घरांना शक्य आहे. त्यासाठी लागणारा पैसा बहुधा त्याच यादीत, तेल-साखरेच्या ओळीत दडलेला असतो.

छोट्या पुड्यांचा मोठा हिशेब

बिस्किटे, वेफर्स आणि शेवेचे पुडे वाण्याच्या यादीत नसतातच. ते रोज सुट्या पैशांत येतात. दहा रुपयांचे दोन पुडे रोज आले तर महिन्याचे ६०० रुपये झाले. एवढ्या पैशांत किती किलो हरभरे येतात, हे आपल्या वाण्याला एकदा विचारून पाहा. पुड्यातून मैदा, साखर, तेल आणि मीठ पोटात जाते. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे मुलांच्या हातावर ठेवले तर भूक भागते आणि प्रथिनेही मिळतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. डाळीतही जवळजवळ तेवढीच असतात.

ज्या कुटुंबांना अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशनचे धान्य मिळते, त्यांनी आणखी एक हिशेब करावा. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य गटातील कुटुंबांना ते माणशी दरमहा पाच किलो मिळते. धान्याचे जे पैसे वाचले ते कुठे गेले? ते ठरवून डाळीकडे वळवले तरच त्या सवलतीचा शरीराला पुरा लाभ होईल.

यादी उलटी करा

आपली यादी बहुधा तेल, साखर, चहा अशी सुरू होते आणि पैसे संपत आले की डाळीचा आकडा खोडला जातो. हा क्रम बदलावा.

पहिली ओळ औषधांची. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या महिनाअखेरीस बंद ठेवणे ही काटकसर नव्हे, तो मोठा धोका आहे. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे आणि सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

दुसरी ओळ डाळी, कडधान्ये, शेंगदाणे आणि खात असाल तर अंडी. तूर महाग असेल तेव्हा मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी यांचा आधार घ्यावा. रोज तुरीचेच वरण हवे असा काही नियम नाही.

तिसरी ओळ ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू आणि तांदूळ. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ खाल्ली की दोन्हींतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील करावी.

भाजीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवून त्याचे चार आठवडी बाजारांचे चार भाग करावेत. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्या हंगामात स्वस्त मिळतात.

तेल, साखर, चहा या सर्वांनंतर. महिन्याचे तेल घरी आले की ते चार बाटल्यांत वाटून ठेवावे, एका आठवड्याला एक बाटली. बाटली रविवारच्या आत संपली तर तळण पुढच्या आठवड्यावर ढकलावे. साखरेचीही अशीच वाटणी करता येते.

येथे मात्र काटकसर नको

दोन रुपये वाचतात म्हणून सुटे तेल घेऊ नये. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलामुळे अनेकांचा बळी गेला होता. तेल सीलबंद घ्यावे आणि मीठ आयोडीनयुक्त घ्यावे. तळून काळपट झालेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये.

जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी उसळीवर लिंबू पिळावे, त्याने लोह शोषले जाण्यास मदत होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांना सतत थकवा येतो किंवा पाळीत जास्त रक्तस्राव होतो, त्यांनी केवळ आहारावर विसंबून न राहता रक्त तपासून घ्यावे. रक्त कमी असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

त्या ताईंनी तेल पाचाचे तीन लिटर केले, साखर निम्म्यावर आणली आणि घरात येणारे पुडे थांबवले. डाळी-कडधान्ये सहा किलो येऊ लागली. बिल वाढले नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झाले. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा होता, हे खरे. पण गोळ्या कायम चालू ठेवायच्या नसतात, जेवण मात्र रोज लागते.

एक गोष्ट त्यांनी न सांगता केली. आता त्या घरी चौघांची ताटे एकाच वेळी वाढतात. "वरण कमी पडले तर सगळ्यांनाच कळते," त्या हसून म्हणाल्या, "आणि मग दुसऱ्या दिवशी ह्यांनाच आठवण येते, डाळ आणायची."

येत्या महिन्याची यादी लिहायला बसाल तेव्हा घरातल्या सर्वांनी मिळून बसा. आणि तीस तारखेला आपल्या घरातील गृहिणीच्या ताटात काय आहे, ते एकदा डोकावून पाहा.