आईबाप धडधाकट, मग मुलाला सिकलसेल कसा?

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल आढळतो. आईबापांना काहीच त्रास नसतो, मुलाचे मात्र सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं. या आजारात हिमोग्लोबिनच्या ज्या जनुकात दोष असतो, त्याच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक. सदोष प्रत अप्रभावी. सोबतची निरोगी प्रत काम निभावते. असा माणूस वाहक; दोन्ही प्रती सदोष असतील तर रुग्ण. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, हा हिशेब साफ चुकीचा. वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळतं, म्हणूनच हे जनुक टिकलं. सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसतो. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं.